ठमीची टाच

पंचवीस वर्षं लग्नं शूट केलेला मामा. कॅमेरा हातात आला की त्याचं बोट आपसूक इंटरलेस्ड या जुन्या सेटिंगवर जाई. परवा भाचीचं चालणं शूट करतानाही तेच झालं, आणि हे त्याच्या ध्यानात आलं ते थेट दवाखान्यात.

भाची ठमी, साडेतीन वर्षांची, चवड्यांवर चालायची. ऑपरेशन लागतंय की काय, हा ताईच्या जिवाला घोर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "टाच टेकत असेल तर व्यायामावर भागेल. तिच्या नकळत शूट करून आणा, मी थांबवून थांबवून बघते." नकळत म्हणे! ठमी महाबिलंदर. डॉक्टर किंवा कॅमेरा दिसला की फतकल मारून बसायची. मामाने पडद्याआडून कशीबशी दोन मिनिटं मिळवली होती.

दवाखान्यात बाईंनी ते लावून चित्र थांबवलं. पावलाच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी. "यात टाच कुठली?"

मामाला आपली चूक उमगली. प्रोग्रेसिव्हवर एका वेळी अख्खं चित्र उमटतं. इंटरलेस्डवर एका चित्रात दोन क्षण असतात, एकाआड एक ओळींत. पाय हलला की ते दोन क्षण एकमेकांत घुसतात.

"एवढं एक बटण रे," ताई म्हणाली. मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग त्याच्या डोक्यात आलं, क्षण दोन आहेत ना, तर वेगळे करू की.

त्याने लॅपटॉप पुढे ओढला आणि ओळी सोडवल्या. सेकंदाला पंचविसांची पन्नास चित्रं झाली. जरा भुरकट, पण सुटी. तो एकेक सरकवत गेला. चवडा. चवडा. टाच. पुन्हा चवडा.

"मागे घ्या," बाईंनी चष्मा सावरला. टाच फरशीला चिकटलेली होती. त्यांनी पुढची पावलं मोजली. अकरापैकी सात वेळा तेच.

"इतकी घाईत टेकते की ते दुसरं बटण दाबलं असतंत, तर पंचवीस चित्रांत नुसता फराटा दिसला असता," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन नको. व्यायाम करा, सहा महिन्यांनी दाखवा."

ताई मटकन खुर्चीत बसली आणि रडता रडता हसायला लागली. मामाच्या छातीवरचा धोंडा उतरला.

सगळे लॅपटॉपच्या पडद्यात गुंतलेले बघून, कोपऱ्यात फतकल मारून बसलेली ठमी उठली आणि स्वतःला बघायला चालत टेबलापाशी आली. मामाने मान न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्या टाचांकडे पाहिलं. कॅमेरा पिशवीतच राहू दिला.