विलायतेतले खून आणि बंडेप्पा

मी चिडका माणूस आहे हे अख्ख्या औरादला ठाऊक आहे. पंचवीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवल्यावर कुणीही चिडका होईल. कुणी चुकीचा अर्थ सांगितला की माझं डोकंच सणकतं. आणि तोच मी, सत्त्याऐंशी साली, सात रविवार भरल्या ओसरीत धादांत खोटा अर्थ सांगत होतो. कामून, ते ऐका.

आमच्या घरमालकीण सावित्रीबाईंनी टीव्ही घेतला होता. रविवारी दुपारी त्यावर विलायतेतली एक जुनी खुनाच्या तपासाची मालिका लागायची, सगळी इंग्रजीत. आमचं गाव सीमेवरचं; कन्नड, तेलुगू, दखनी गल्लीत सगळ्यांना येतात, इंग्रजी मात्र मला एकट्याला. म्हणून मी टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसायचो आणि पडद्यावरचं माणूस बोललं की लगेच मराठीत सांगायचो. पुढं बायकांचा घोळका, त्यात कोंडाबाई पहिल्या रांगेत. ती शेतातून थेट यायची आणि दर दोन मिनिटाला मला प्रश्न विचारायची. मागं दाराला टेकून बंडेप्पा उभा असायचा.

बंडेप्पा ट्रॅक्टर मेकॅनिक, मूळचा चिटगुप्प्याचा. तालमीत कमावलेले खांदे, भरघोस मिशा, नखांत कायमचं ऑइल. सत्त्याऐंशीच्या अकरा वर्षं आधी माझ्या खोल्यांत अर्ध्या भाड्यानं राहायला आला तो राहिलाच. चहा तो करतो, भाकरी मी थापतो. आम्ही एकमेकांचे कोण, हे आम्ही कधी तोंडानं बोललो नव्हतो. गल्लीला एकटा मास्तर आणि त्याचा सोबती दिसायचा, तेवढं गल्लीला पुरे होतं.

मग त्या मालिकेत एक माणूस आला. गळ्यात रेशमी रुमाल, नाजूक बोटं, एका मित्रासोबत एकाच घरात राहणारा. मी इमानदारीत अर्थ सांगत गेलो. शेवटी खुनी तोच निघाला. इन्स्पेक्टर म्हणाला, "बायकांत मन नसलेल्या माणसांचा शेवट असाच होतो." तेही मी सांगितलं, गाढवासारखं. पुढच्या रविवारी तसाच दुसरा. त्याला कुणी पत्रं लिहून धमकावत होतं, त्यानं गळफास घेतला. तिसरा तर पहिल्या पाच मिनिटांतच मेला. लिहिणाऱ्याला दुसरं काही सुचतच नव्हतं बहुतेक. मी मागं बघितलं तर दारात बंडेप्पा नव्हता.

संध्याकाळी मी भाकरी थापत होतो. तो चुलीपाशी येऊन बसला.

"मास्तर, आपल्यासारख्यांचं असंच व्हतंय का?"

आपल्यासारखे. अकरा वर्षांत हा शब्द पहिल्यांदा घरात आला. आणि मी, शाळेत शब्दाला शब्द देणारा, काय बोललो? "भाकर करपायलीय" म्हणालो. अजून लाज वाटते.

त्याच आठवड्यात त्याच्या थोरल्या भावाचं, काशप्पाचं पत्र आलं. चिटगुप्प्यात वर्कशॉपला जागा घेतलीय, तुला मुलगीही पाहिलीय, दसऱ्याच्या आत कळव. बंडेप्पा ते पत्र खिशात घेऊन फिरायला लागला. एक दिवस म्हणाला, "जावं म्हणायलोय." हा गेला तर मी रागावणार कुणावर?

पण रविवारी तो येतच होता. दुखऱ्या दाताला जीभ लावावी तसा येऊन दारात उभा राहायचा. म्हणून पुढच्या रविवारपासून मी रुमालवाल्यांना वाचवायला लागलो. एक जिन्याखाली पालथा पडला होता. मी म्हटलं, चक्कर आली, पित्त झालंय. दुसऱ्याला बेड्या घातल्या.

"हे काय घालायलेत?" कोंडाबाई.

"तिकडं सन्मान असाच करतात."

"अन् पोलिसाच्या गाडीत कामून कोंबायलेत?"

"सरकारी पाहुणा आहे तो."

"मंग खून कुणी केलाय?"

ही खरी पंचाईत. कुणाला तरी खुनी करणं भाग होतं. चार रविवारांत मी विलायतेतल्या चार घरमालकिणींना फासावर चढवलं. शेवटी सावित्रीबाई फणकारल्या. "कामून हो नरहरराव, दर बारीला घरमालकीणच कामून?" मग मी डॉक्टरांवर घसरलो. बंडेप्पा मिशीत हसायचा, पण पत्र काही खिशातून निघत नव्हतं. दसरा आठ दिवसांवर आला आणि शाळेच्या कवायतीत पोरांवर दोन दिवस ओरडून माझा घसाच बसला. रविवारी तोंडातून नुसती हवा. ओसरी भरलेली, मालिका सुरू झालेली, आणि रुमालवाला पडद्यावर आलासुद्धा.

"आता कोण सांगणार?" सावित्रीबाई म्हणाल्या.

"मी सांगतो," बंडेप्पा म्हणाला. पुढं आला, माझ्या खुर्चीशेजारी मांडी घालून बसला.

"तुला रे कुठली इंग्रजी?"

"मास्तरांसंगं ऱ्हायलोय. तेवढं येतंय."

त्याला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पडद्यावर इन्स्पेक्टर रुमालवाल्याला दरडावत होता, खून कबूल कर म्हणून. बंडेप्पा शांतपणे सांगायला लागला.

"साहेब इचारायलाय, तुमी दोघं एका घरात किती वर्सं ऱ्हायलाव. तो म्हणायलाय, अकरा."

माझे कान गरम झाले.

"साहेब म्हणायलाय, तुझा भाऊ गावाकडं बोलवायलाय, मुलगी बगितलीया, कधी जातूस? तो म्हणायलाय, न्हाई जात. मला हितंच बरं हाय. जागा दुसऱ्याला दे म्हणून भावाला लिवतो आजच."

"विलायतेतबी भाऊ असंच करत्यात व्हय?" कोंडाबाईनं विचारलं.

"सगळीकडं करत्यात, अक्का."

"बरं केलं बाई त्यानं. जिथं जीव रमतो तिथं ऱ्हावं." मग ती माझ्याकडं वळली. "गुरुजी, बरोबर सांगायलाय का ह्यो?"

सगळी ओसरी माझ्याकडं बघत होती. बंडेप्पा एकटा बघत नव्हता, तो पडद्याकडं तोंड करून बसला होता आणि त्याची मान ताठ झाली होती. मी मान हलवली. एकदा हलवून समाधान होईना म्हणून तीनदा हलवली. डोळ्यांत पाणी आलं, ते घशावर ढकललं.

घरी येताना त्यानं विचारलं, "मास्तर, त्या माणसाचं खरं काय झालं?"

ह्या खेपेला मी भाकरीआड लपलो नाही. कुजबुजलो, "फाशी."

"असं व्हय," तो म्हणाला. "लिवणाऱ्याला आपलं घर ठाव न्हाई, म्हून तसं लिवतंय."

घरात आल्यावर त्यानं माझ्या पेटीतून एक आंतर्देशीय पत्र काढलं, हात पुसले आणि कन्नडात सावकाश चार ओळी लिहिल्या. मग घडी घालून, डिंक लावून, पाठवणाऱ्याच्या जागी नाव घातलं. आधी माझं, त्याखाली स्वतःचं.