पाण्याची तिथी

रोह्याच्या वर कुंडलिकेला एक वळण आहे. तिथं पाणी मऊ होतं, दगड गोल होतात, आणि फाल्गुन लागला की नितळ पाण्यातून तळ दिसतो. वाडीतल्या बाया तिथंच कपडे धुतात. पारी मात्र सहा वर्षं त्या वळणावर उतरली नव्हती. तिचा नवरा, वाळू नावाचा, तिथंच मासे धरताना वाहून गेला होता.

वर डोंगरात वीज करतात. चाकं फिरवून सुटलेलं पाणी खाली नदीत येतं. रोज सकाळी चढतं, दुपारी उतरतं. आठवडाभर त्याची वेळ ठरलेली. रविवारी मात्र त्याचं काही खरं नसतं. बहुतेकदा येतच नाही, आणि आलंच तर कधीही येतं. वाळू गेला तो रविवारीच.

आणि पारीचा नि तिच्या लेकीचा, संध्याचा, बाप्तिस्मा ठरला तो रविवारी, नऊ वाजता, त्याच वळणावर.

ठरवला कमळाकरभाऊंनी. भाऊ पाळक होते, पेणच्या खाडीकाठचे, मिठागरात वाढलेले. वाळू गेला तेव्हा वाडीनं दोन दिवस नदी धुंडाळली आणि हात टेकले. तेव्हा हा माणूस कुणाकडून तरी ऐकून मोटारसायकलवर आला. पारी त्यांची कुणी लागत नव्हती. त्यांनी तिथी विचारली, बोटांवर ओहोटी मोजली आणि खाली खाडीच्या चिखलात एका जागी जाऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशी वाळू तिथंच लागला. कमरेएवढ्या गाळातून भाऊंनी त्याला खांद्यावर घालून बाहेर आणलं. देवाचं नाव त्यांनी तेव्हा काढलंसुद्धा नाही. पारी पुढं वरसे गावातल्या खोलीत प्रार्थनेला जाऊ लागली, ती त्या खांद्याकडे बघून.

तिथं भाऊ समजावून सांगायचे. ज्याच्यावर आपला जीव असतो त्याचा शब्द आपल्याला जड होत नाही. आज्ञा मानायची ती धाकानं नाही, मायेनं. भीती वाटली की ओळखावं, माया अजून पातळ आहे. पारी मान हलवायची. प्रभूवर तिचा जीव होता. भाकरी थापताना, लाकडं वाहताना ती त्याच्याशी घरच्या माणसासारखी बोलायची. पण भीतीही वाटायची. आपण एक शब्द मोडला, तर तो वाळूमागून संध्याला नेईल. ही भीती तिनं कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर माया पातळ निघाली असती.

गुरुवारी मात्र ती कसंबसं बोलली. "भाऊ, रविवारी पाण्याचा भरवसा नाय."

भाऊंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि हसले. "नवमी हाय, पारीताई. भांगाचं पाणी. या दिवसांत समुद्रच अंग चोरतो, नदी काय चढणार? पाण्याचं मला नका शिकवू." मग आवाज हळू झाला. "वाळू गेल्याची भीती धरून बसलायत तुम्ही. ती तिथंच सोडून यायचीय."

पारीनं रविवार कबूल केला. तिथी मोजूनच तर त्यांनी तिला तिचा माणूस आणून दिला होता.

पारीचा सख्खा भाऊ रमेश डोलवीच्या कारखान्यात कंत्राटी कामावर होता. त्याला हे कळलं तेव्हा तो आधी हसला. "तुझा पाळक खाडीचा गो. खाडी चांदाचं ऐकते, आपली नदी बटनाचं. बटन दाबनाऱ्याला नवमी ठावी हाय का, इचार त्याला." मग तो म्हणाला की शिफ्ट नसती तर आपण काठावर उभे राहिलो असतो. रविवारी पहाटे तो निघून गेला.

पेणहून टेंपोनं भाऊंच्या मंडळीतले सातआठ विश्वासी आले. धुतलेले कपडे, हातात टॉवेल. त्यांनी काठावर गाणं धरलं. भाऊ पांढऱ्या सदऱ्यात आधी उतरले. त्यांनी पुन्हा सांगितलं: पाण्यात डोळे मिटायचे, विचारलेल्याला उत्तर द्यायचं, दुसरं काही बोलायचं नाही. मांडीभर पाण्यात पारी उभी राहिली. मागं हाताच्या अंतरावर संध्या, डोळे घट्ट मिटून. अष्टमी गावातल्या कापडदुकानात कामाला जाणारी, एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारी पोर, आज मुकी.

पारीनं डोळे मिटले. आणि पाय गार पडले.

वरून पाणी सुटलेलं नसलं की नदी कोमट असते. हे गारठलेलं होतं, धरणाच्या बुडातलं, ऊन न पाहिलेलं. ते घोट्यांना आधी लागलं, मग पोटऱ्यांना. तिनं मनाला दटावलं. भीतीच आहे ही. सहा वर्षांची जुनी. सोड.

"प्रभूवर तुमची प्रीती आहे?" भाऊंनी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. ते खरं होतं.

डोळे मिटलेलेच ठेवायचे होते. तिनं उघडले. वरून वाळकी पानं येत होती, एकदोन नाही, पुंजकेच्या पुंजके, आणि त्यांच्यामागं मळकट फेसाची दोरी. मधल्या खडकावरचे बगळे एकदम उठले. तिनं मान वळवली. संध्याशेजारचा दगड उतरताना कोरडा होता. आता त्याच्या माथ्यावर पाणी जीभ फिरवत होतं. संध्याचे डोळे तसेच मिटलेले. आई समोर उभी आहे, एवढंच तिला माहीत होतं.

काठावरचं गाणं चढत होतं. भाऊंनी एक हात तिच्या पाठीला लावला, दुसरा वर केला.

"त्याची आज्ञा पाळाल?"

 'व्हय' हा शब्द पारीच्या जिभेवर होता, सहा वर्षांचा, रोज घोकलेला. तो उच्चारला की भाऊ तिला मागं कलवणार, पाणी डोक्यावरून जाणार, मग संध्याची पाळी.

"नाय," ती म्हणाली.

भाऊंचा हात हवेतच राहिला.

"नाय, भाऊ. आधी पोरीला वर काढा."

"पारीताई, भिऊ नका. तो आहे."

"भितेय. भितेय म्हनूनच सांगतेय. वर चला."

तिनं संध्याचं मनगट धरलं, दुसऱ्या मुठीत भाऊंचा सदरा. संध्यानं डोळे उघडले, वरच्या अंगाला पाहिलं, आणि नदीची पोर असल्यामुळं तिला काही विचारावं लागलं नाही. भाऊ जड झाले होते. दोघींनी त्यांना ओढलं. पाणी कमरेला लागलं, पायाखालचे गोटे सरकले, भाऊ एकदा आडवे झाले, सदऱ्याची शिवण उसवली, पण मूठ सुटली नाही. काठावरच्यांचं गाणं अर्ध्यावर तुटलं. ते काठाला लागले आणि मग आवाज आला, दूरवर ट्रक उलटा होऊन खडी सांडत राहावी तसा. मधला खडक पाहता पाहता नाहीसा झाला.

भाऊ एका दगडावर बसले. त्यांचे दात वाजत होते. पारी समोर उभी राहून शब्दांची वाट पाहत होती. पाण्यात उभं राहून, प्रभूचं नाव घेतल्यावर, तिनं नाही म्हटलं होतं. आता काय जाणार, कोण जाणार? तिनं संध्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं. पोरीच्या कातडीवर बोटं उमटली होती.

"मलाही लागलं होतं," भाऊ म्हणाले, तिच्याकडे न पाहता. "गारठा. पहिला प्रश्न विचारायच्या आधीच."

"मग?"

"पाळकच भ्याला, असं दिसलं असतं."

पारीला रडू आलं नाही, रागही आला नाही. तिला त्यांच्या खांद्यावरचा फाटलेला सदरा दिसला, आणि त्याखाली थरथरणारा खांदा. माया वाटली, पोटातली भीती तशीच असताना. मग तिची नजर दगडाच्या पायथ्याशी गेली. तिथला वाळका पाला हलू लागला होता.

"उठा," ती म्हणाली. "हा दगड पन जाईल."

"जरा बसू द्या हो."

"उठा म्हनते ना."

भाऊ उठले. पेणची माणसं एकमेकांकडे पाहत होती. तिनं त्यांनाही हातानं वर जायला सांगितलं. मग ती पुढं झाली. ती ज्या दगडावर पाय ठेवी, त्याच दगडावर भाऊ पाय ठेवत होते.

"किती वर जायचं?" त्यांनी विचारलं.

"त्या जांभळीपातूर," पारी म्हणाली. "मागं नका बगू."