सहा एमबीचा चेहरा

सारिकाच्या उजव्या गालावरचा भाजल्याचा डाग टोकावड्याहून निघायचा, पण मुलाकडच्यांपर्यंत कधी पोहोचायचाच नाही. वाटेत त्याला सावळाराममामा गाठायचा.

मामाकडे फोन दोन. एकावर भाचीचा फोटो यायचा, दुसऱ्यात स्थळांचे नंबर. इकडचा फोटो तिकडे कसा न्यायचा हे त्याला येत नव्हतं आणि विचारण्यात कमीपणा वाटत होता. म्हणून तो एका फोनवर फोटो उघडायचा आणि दुसऱ्या फोननं त्या फोटोचाच फोटो काढायचा. पुढे तो फोटो मावशीकडे, मावशीकडून मुलाच्या काकाकडे. दर मुक्कामाला फोन त्याला दाबून आणखी लहान करायचा. शेवटी सारिकाचा गाल सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत व्हायचा.

तिची आई कमळ खूश होती. म्हणायची, "डाक्टरला जमला नाय, ता मामानं केला."

तीन स्थळं आली. पोहे खाल्ले, चहा प्यायले, मुलीच्या गालाकडे पाहिलं, आणि भर दुपारी बारा वाजता सगळ्यांना शेवटची एसटी आठवली.

चौथा वाशिंदचा पंकज. कारखान्यात कामाला, रविवारी येणार होता.

"या टायमाला फोटो मीच धाडणार," सारिका म्हणाली. "त्याच्या बायोडाट्यावर नंबर हाय."

"येडी का गो तू? आधी येऊ दे त्याला. पोटात पोहे गेले का माणूस नरमतो."

"तिघांच्या गेले. कोण नरमला?"

कमळ तांदूळ निवडायला बसली.

सारिकानं उन्हात उभं राहून, उजवा गाल पुढे करून फोटो काढला. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी, तिथे गेली. फोनला फोटो दाबता येऊ नये म्हणून तो डॉक्युमेंट करून लावला. सहा एमबी. अर्धा तास चाक फिरत राहिलं, मग फोटो पोचल्याच्या दोन खुणा आल्या. पाठोपाठ उत्तर आलं, "छान आहे."

सारिकाचं डोकंच फिरलं. सहा एमबी एवढ्यात उतरणं शक्यच नव्हतं; गड्यानं उघडण्याआधीची धूसर चौकट पाहूनच पसंती दिली होती. तिनं लिहिलं, "तुमी उघडला नाय. पहिला उघडा, मग बोला."

ती टाकीभोवती फेऱ्या मारायला लागली. आलेले पाहुणे परत गेले की निदान त्यांच्या नावानं बोटं मोडता यायची. हा न येताच गेला तर तेही सुख नाही. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं तिला वाटायला लागलं.

पंकजचा मेसेज आला. "कशानं भाजलं?"

"पेजेचा टोप उलटला. सहा वर्साची होते."

मग आलं, "अजून दुखतं का?"

आधीच्या तिघांनी खूप विचारलं होतं. कोणाला दाखवलं, औषध काय केलं, लग्नाच्या फोटोत झाकता येईल का. हे कोणी विचारलं नव्हतं.

"नाय," तिनं लिहिलं. पुसलं. मग लिहिलं, "थंडीत डाग ओढतो. झोप नाय लागत."

एवढं तिनं आईलाही कधी सांगितलं नव्हतं.