दाखल झालेली फिरती ढाल

मी एक जुनी फिरती ढाल आहे. ढाल म्हटल्यावर तुम्ही लगेच तलवार शोधू लागाल, म्हणून आधीच सांगून टाकते. मित्रांनो, मी एकही लढाई पाहिलेली नाही. मी पाहिली ती सभागृहं आणि कपाटांची माथी. भाषणं मात्र इतकी ऐकली, की माझ्या जागी लढाईतली ढाल असती तर तिने केव्हाच शरणागती पत्करली असती. दरवर्षी एका ग्रंथपालाला किंवा वस्तुसंग्रहालयात काम करणाऱ्या माणसाला मी बक्षीस म्हणून मिळते. वर्षभर त्याच्याकडे राहते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाते. म्हणून मी फिरती.

माझा जन्म एका सुतारकाकांच्या हातून झाला. पुस्तकांचं कपाट करून उरलेल्या सागवानी फळीतून त्यांनी मला कापलं, घासलं, पॉलिश केलं आणि उन्हात ठेवलं. मग मी नावं कोरणाऱ्या काकांकडे गेले. त्यांना माझ्या छातीवरच्या पितळी पत्र्यावर 'व्यवसायविकास पुरस्कार' असं कोरायचं होतं. काकांचं अक्षर टपोरं, आणि टपोऱ्या अक्षराला जागा लागते. पहिल्या ओळीत 'विकास'मधल्या 'स'पाशी पत्रा संपला. 'स'चा पुढचा भाग बसला, मागचा बसलाच नाही, आणि जे उरलं त्याला सगळं जग 'र' म्हणतं. त्यामुळे माझ्या छातीवर आजही 'व्यवसायविकार पुरस्कार' असं ठसठशीत कोरलेलं आहे.

यावर पुरस्कार समितीची बैठक बसली. ग्रंथपाल म्हणाले, "शुद्धलेखनाची चूक चारचौघांत मिरवायची? पत्रा बदला." संग्रहालयवाले म्हणाले, "मूळ कोरीव लेखाला हात लावायचा नाही म्हणजे नाही." दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या, चहा गार झाला, आणि पत्रा होता तसाच राहिला. पुढे या लोकांच्या घरी-दारी राहून माझं असं मत झालं, की काकांचं फारसं चुकलं नव्हतं.

हा पुरस्कार सुरू केला एका निवृत्त ग्रंथपाल आजोबांनी. आपल्या कामातलं काही नवं शिकावं आणि ते इतरांना शिकवावं, अशी धडपड करणाऱ्याला तो मिळतो. ढालीबरोबर शिक्षणाची फी मिळते आणि त्यासाठी भरपगारी रजाही मिळते. ढाल हे नुसतं निमित्त, खरं बक्षीस ती रजा, हे मलाही ठाऊक आहे. पण आजोबांनी एक नियम घालून ठेवला. मंचावर ढाल नव्या विजेत्याच्या हातात पडली, तरच पुरस्कार दिला असं धरायचं. नाहीतर त्या वर्षी कुणालाच नाही. आजोबांचं सारं आयुष्य लोकांकडून पुस्तकं परत मागण्यात गेलं होतं, त्यामुळे घरी नेलेल्या वस्तूचं पुढे काय होतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

कामाची वर्षं मजेत गेली. ग्रंथालयात पाऊल ठेवलं की पहिल्यांदा माझ्या पाठीवर जांभळा शिक्का बसायचा. मग मला कुठल्या विषयात घालायचं यावर खल व्हायचा. एकाने मला शस्त्रास्त्रांत घातलं, एकाने शिक्षणात, आणि एका बाईंनी 'संदर्भासाठी, बाहेर नेता येणार नाही' अशी चिठ्ठी माझ्या पोटावर डकवली. मी पुस्तकांच्या रांगेला टेकू दिला, वाऱ्याने आपटणारी दारं धरून ठेवली, पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणूनही एक अख्खा उन्हाळा काढला. संग्रहालयात याच्या अगदी उलट. तिथे हातमोजे घातल्याशिवाय मला कुणी शिवत नसे. माझी लांबी-रुंदी घ्यायची, वजन करायचं, पुढून-मागून फोटो काढायचा, आणि लिहायचं, 'उजव्या कोपऱ्यात टवका. मध्यभागी गोल डाग, बहुधा चहा.' तो चहाच होता, पण मला कोण विचारतंय!

आणि मग मी जपूनरावांच्या हातात पडले.

जपूनराव हे आमच्या गावच्या संग्रहालयाचे अभिरक्षक, म्हणजे तिथल्या सगळ्या वस्तूंची काळजी वाहणारे अधिकारी. दर वाक्याआधी 'जपून, जपून' म्हणायची सवय, म्हणून हे नाव पडलं. माणूस भला आणि पुरस्काराला अगदी लायक. नाजूक वस्तू खोक्यात कशा भरायच्या याचं शिक्षण ते माझ्या जोरावर घेऊन आले आणि आल्या आल्या सगळ्या सहकाऱ्यांना शिकवलं. घोटाळा झाला तो त्यानंतर. एके दुपारी त्यांनी मला पुसायला टेबलावर घेतलं. पुसून झालं आणि त्यांचा हात सवयीने ब्रशकडे गेला. माझ्या पाठीवर, खालच्या डाव्या कोपऱ्यात, त्यांनी पांढऱ्या रंगाने बारीक, सुरेख आकड्यांत दाखल क्रमांक घातला. वर पारदर्शक रंगाचा हात फिरवला. दाखल नोंदवहीत ओळ लिहिली आणि सही ठोकली. सही वाळायच्या आत त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

कारण मित्रांनो, संग्रहालयात एकदा वस्तू दाखल झाली की ती संग्रहालयाची. विश्वस्तांनी ठरवल्याशिवाय ती नोंदीतून निघत नाही. आणि विश्वस्त वर्षातून एकदा भेटतात. ते नुकतेच भेटून, फराळ करून, घरी गेले होते.

खरं सांगायचं तर मला त्याचं काही वाटलं नाही. मला काचेच्या कपाटात जागा मिळाली, वर दिवा मिळाला. लोक रांगेने येऊन मला न्याहाळू लागले. एक मास्तर आपल्या वर्गाला घेऊन आले आणि माझ्या टवक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा बघा तलवारीचा घाव." तो टवका पिंपावरून पडल्याचा होता. मुलं मात्र हरखून गेली आणि मीही जरा छाती पुढे काढली. इतकी बडदास्त आजवर कुणी ठेवली नव्हती. फिरणं म्हणजे काय, हेही मी हळूहळू विसरत चालले.

मग एक दिवस कपाटासमोर दोन माणसं येऊन उभी राहिली. एक होत्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपाल. वाचनकक्षात सतत 'शूः' करून करून त्यांचा आवाजच बसका झाला होता, त्या घरीसुद्धा कुजबुजतच बोलत. वाचक त्यांना शूताई म्हणत. दुसरे त्यांचे सासरे, ऐकायला कमी येणारे आणि म्हणून दुप्पट मोठ्याने बोलणारे. या वर्षीचा पुरस्कार शूताईंना जाहीर झाला होता.

शूताईंची अडचण मला त्या दिवशी कळली. त्यांच्या ग्रंथालयात गावच्या जुन्या वर्तमानपत्रांचं एक कपाट होतं. कागद इतका ठिसूळ झाला होता, की हात लावला की कडा गळून पडत. कपाटावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी होती आणि दुरुस्ती कुणालाच येत नव्हती. ती शिकायची तर दूरच्या संस्थेत तीन महिने जायला हवं होतं, आणि रजा या पुरस्काराखेरीज मिळत नव्हती. पुरस्काराला वयाची अट होती. शूताईंचं हे शेवटचं वर्ष होतं.

"पुढच्या वर्षी मी बसत नाही हो," त्या कुजबुजल्या. "ढाल तेवढी द्या."

"जपून, ताई, जपून," जपूनराव घाम पुसत म्हणाले. "माझ्या हातात असतं तर आत्ता दिली असती. दाखल झालीय ती."

"काय झालीय?" सासऱ्यांनी विचारलं.

"दाखल!"

"कुठल्या दवाखान्यात?"

शूताईंनी त्यांच्या कानाशी सगळं समजावलं. ऐकून ते जास्तच तापले. "अहो साहेब, ही ढाल अडवलीत म्हणजे माझा पेपर अडवलात! तरुणपणी मी सायकलच्या शर्यतीत पहिला आलो होतो. त्या कपाटातल्या पेपरात छापून आलंय. दर महिन्याला हिला म्हणतो, दाखव. ही म्हणते, बाबा, चुरा होईल. माझ्या डोळ्यांचं काय होतंय ते डॉक्टर सांगून बसलेत. डोळे आहेत तोवर मला ते वाचायचंय!"

शूताई खाली मान घालून उभ्या होत्या. जी बाई कुठल्याही वाचकाला 'नाही' म्हणत नाही, तिला घरच्याच माणसाला वर्षानुवर्षं 'नाही' म्हणावं लागत होतं. मला काचेच्या आत फार लाजल्यासारखं झालं. इतके दिवस मी दिव्याखाली मिरवत होते, आणि माझ्या मिरवण्यापायी एका माणसाचा पेपर बंद राहणार होता.

शेवटी शूताईंनाच सुचलं. "आमचं एखादं पुस्तक वाचकाला द्यायचं नसलं, तरी दुसऱ्या ग्रंथालयाने मागितलं तर आम्ही उसनं पाठवतो. तुमच्यात नाही का असं काही?"

जपूनराव बघतच राहिले. "आहे की! दुसऱ्या संस्थेच्या प्रदर्शनासाठी एक वर्ष उसनी देता येते. ते माझ्याच अधिकारात आहे. पण प्रदर्शन कुठाय?"

"आमच्या वाचनकक्षाच्या भिंतीवर," शूताई म्हणाल्या. "प्रदर्शनात वस्तू एकच."

समारंभाला मी खोक्यातून गेले. ते खोकं जपूनरावांनी स्वतः बनवलं होतं. आत मऊ फोम, त्यावर सुती कापड, माझ्या आकाराचा खळगा. सासरे म्हणाले, "यात माणूस आरामात झोपेल." मंचावर अध्यक्षांनी आजोबांचा नियम वाचून दाखवला आणि शूताईंचं नाव पुकारलं. जपूनरावांनी हातमोजे घालून मला उचललं आणि पुढे केलं. शूताईंनी दोन्ही हातांनी मला धरलं. टाळ्या पडल्या, टाळ्या थांबल्या, तरी जपूनराव मला धरूनच होते.

"सोडा," शूताई कुजबुजल्या.

"सुटत नाहीये हो."

"अहो, सगळे बघतायत."

"पडली तर? ओली झाली तर? तुमच्याकडे वाचक वाचता वाचता खातात, मी पाहिलंय."

फोटोवाल्याने कॅमेऱ्यामागून मान बाहेर काढून विचारलं, "दोघांपैकी बक्षीस कुणाला आहे?" अध्यक्ष नियमाच्या कागदाकडे पाहू लागले. तेवढ्यात सासऱ्यांनी पहिल्या रांगेतून हाक दिली, "काय झालं? अजून दाखलच आहे का?" सगळं सभागृह हसलं. शूताई मात्र हसल्या नाहीत.

"जपूनराव," त्या म्हणाल्या, "मी रोज पुस्तकं लोकांच्या हातात देते. दर वेळी वाटतं, कुणी भिजवेल, कुणी भाजीच्या पिशवीत कोंबेल. तरी देते. नाही दिली तर मी कशाला आहे तिथे? एकेक बोट सोडा. मी धरलंय."

जपूनरावांनी डोळे मिटले आणि एकेक बोट सोडलं. शेवटची करंगळी सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी शूताईंच्या हातात आले, आणि अध्यक्षांनी नियमाच्या कागदाची घडी घातली.

शूताई शिकून आल्या. मग त्या मऊ ब्रश, पातळ खळ आणि त्याहून पातळ कागद घेऊन रोज बसत. शेजारी दोन मदतनिसांनाही बसवून शिकवत. मी समोरच्या भिंतीवरून बघत होते. जपूनराव अधूनमधून माझी प्रकृती तपासायला म्हणून येत आणि शूताईंकडून खळ शिजवायला शिकून जात. एक दिवस कपाटावरची पाटी निघाली. पहिले वाचक अर्थातच सासरे होते. ते नवा सदरा घालून आले होते.

शूताईंनी त्यांच्यासमोर ते वर्तमानपत्र उघडून ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, आणि पान उलटायला उजव्या हाताचं बोट थेट जिभेला लावलं.

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. जपूनराव त्या दिवशी नेमके तिथेच होते, त्यांनी भिंतीचा आधार घेतला. पण ताईंनी पेपर ओढून घेतला नाही. त्यांनी बाबांचं ते ओलं बोट हळूच आपल्या मुठीत धरलं आणि दुसऱ्या हाताने स्वतः पान उलटलं. मग दुसरं. मग तिसरं. बातमी अगदी तळाशी होती, जेमतेम दोन ओळींची. बाबा नाक टेकेपर्यंत वाकले आणि वाचायला त्यांनी खूप वेळ घेतला.

"सूनबाई, यात तिसरा लिहिलंय."

"हो बाबा."

"छापणाऱ्याची चूक."

"हो बाबा."

"पण नाव बरोबर छापलंय हो माझं," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले. मग डोळे पुसून त्यांनी खुर्ची आणखी पुढे घेतली. "आता पुढचं पान उलट. त्या वेळी आणखी काय काय चाललं होतं ते बघू."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताई उभ्या होत्या आणि पानं उलटत होत्या. मलाही भरून आलं होतं, पण लाकडाने ओलाव्यापासून लांब राहावं असं जपूनरावांनी बजावलं आहे, म्हणून मी आवरलं.

तेव्हा मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. वस्तू जपा, पण त्या माणसांच्या हाती जाऊ द्या. पुस्तक वाचायला न्या, ढाल भिंतीवर लावा, पिंपावर ठेवलीत तरी माझी तक्रार नाही. फक्त पान उलटताना बोट जिभेला लावू नका. आणि सवय सुटतच नसेल, तर वाचायला येताना उलटून द्यायला कुणीतरी बरोबर आणा.