डॅशबोर्डावरचे नवनाथ

भिमाजीच्या ट्रकला हीटर होता. देवळाली प्रवरेत त्या काळी हीटर असलेलं ते एकमेव वाहन, आणि हीटरचा उपयोग ठाऊक असलेलं माणूसही एकच, ते म्हणजे भिमाजीची आई आक्काबाई. बाकी गावाचं म्हणणं, इंजिन तापतं तेवढं पुरे नाही का, आणखी वेगळं कशाला तापवायचं?

ट्रक भिंगारला लष्कराच्या लिलावात घेतलेला. मूळचा कुठल्या तरी बर्फाच्या मुलखासाठी बनवलेला असणार. लिलावाला रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्या ट्रकांचे डॅशबोर्ड फुटलेले, मीटर उपटलेले. याचा तेवढा शाबूत. भिमाजीने बॉनेट उघडलं नाही, टायरांना लाथ मारून पाहिली नाही. "तोंड चांगलं हाय," म्हणाला आणि बोली लावली. बैलही तो याच कसोटीवर घेत असे.

तो डॅशबोर्ड काळा, तुळतुळीत, धड पत्र्याचा नाही की लाकडाचा नाही. आतून म्हणाल तर वाळून वाळून पापड झालेला. भिमाजी रोज सकाळी त्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवायचा. स्वतःच्या डोक्याला त्याने एवढं तेल कधी लावलं नाही.

राजूरच्या बाजाराला तो व्यापाऱ्यांचा गूळ आणि कांदा न्यायचा, येताना तांदूळ आणायचा. राजूरलाच त्याची बहीण चांगुणा दिलेली. तिची ही बाळंतपणाची दुसरी खेप, आणि सासरी करणारं बाईमाणूस कोणी नाही. म्हणून एकाहत्तर सालच्या त्या थंडीत आक्काबाई प्रत्येक बाजाराला ट्रकमधून लेकीकडे जायच्या. त्यांचे गुडघे गारठ्यात आखडायचे. पण हीटरपुढे पाय लांब सोडून बसलं, की राजूरला त्या आपल्या पायांनी उतरत, लेकीचं दळण-पाणी करत आणि संध्याकाळी आपल्याच पायांनी ट्रकमध्ये चढत.

एका पहाटे त्या हीटरने आक्काबाईंच्या पावलांवर कढत पाणी सोडलं.

भिमाजीने ट्रक सहादेव मिस्तरीच्या गॅरेजसमोर आणून उभा केला. सहादेवने खाली वाकून पाहिलं, बोट ओलं केलं, वास घेतला.

"हीटरच्या पोटात बारका रेडिएटर असतो, त्यो गळतोय," तो म्हणाला. "माझं ऐका, इंजिनाकडनं येनाऱ्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून देतो. हीटर बाद. काम खलास."

"आन माझे गुडघे?" ट्रकमधून आक्काबाईंनी विचारलं.

"आक्का, रेडिएटर बदलायचा म्हंजे आख्खा डॅशबोर्ड काढावा लागतोय."

"मंग काढ की."

भिमाजीचा चेहरा उतरला. "मिस्तरी, त्याला काय झालं तर?"

इथे सहादेवने गप्प बसायला हवं होतं. पण समोरच्या बाजूला राधाकृष्णाचं गॅरेज होतं आणि राधाकृष्ण दारात चहा पीत उभा होता. दिवाळीत त्याच्या हातून एका जीपचा डॅशबोर्ड तडकला होता. तेव्हापासून सहादेव चहाच्या टपरीवर सांगत असे, "राधाकृष्णाकडं एक डॅशबोर्ड द्यायचा, येताना दोन घेऊन यायचं." टपरी प्रत्येक वेळी नव्याने हसायची. राधाकृष्णही हसायचा, आणि अर्धा चहा ठेवून जायचा.

"काय व्हतंय?" सहादेव रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं म्हणाला. "ह्यो काय त्या दुकानात न्हाई आला."

भिंगारच्या भंगार बाजारातून त्याने तसल्याच मोडक्या ट्रकचा हीटर-रेडिएटर आणला. पाणी भरून, फुंकून पाहिला, चांगला निघाला. मग त्याने पाणी काढून टाकलं, मीटरच्या वायरींना रंगीत चिंध्या बांधल्या, स्क्रू काढून वाटीत ठेवले. अगदी नजर लागावी असं काम चाललं होतं. डॅशबोर्ड सगळीकडून सुटला, फक्त मधोमध जरा धरून बसला होता. जुनी वस्तू, चिकटली असेल, असं म्हणून सहादेवने तो मायेने ओढला.

कट्.

मोठा आवाज नव्हता. सुपारी फुटावी एवढाच. मधल्या राखेच्या डबीपासून निघालेली भेग डाव्या टोकापर्यंत, म्हणजे आक्काबाईंच्या जागेपर्यंत, सरळ गेली. सहादेवने डबी उपसली. कुठल्या शिपायांनी कधी झाडलेल्या विड्यांची राख तिच्यात थिजली होती, आणि राखेखाली एक स्क्रू शांतपणे आपलं काम करत होता.

सहादेवने पहिल्यांदा वर पाहिलं ते रस्त्यापलीकडे. राधाकृष्ण दारात नव्हता. सहादेवला इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचीच त्याला लाज वाटली.

नवा रेडिएटर त्याने चोख बसवला. नळ्या आवळल्या, पाणी भरलं, हीटर चालू केला. ऊन ऊन वारा आला, थेंबभर गळती नाही. खरं काम उत्तम झालं होतं. पण डॅशबोर्ड जागेवर बसवल्यावर ती भेग अशी दिसत होती, की हीटरकडे कोणाचं लक्ष जाणार नव्हतं. भेगेत लुकण लिंपून पाहिलं. भेग पांढरी झाली आणि जास्तच दिसू लागली. मग त्यावर फोटो लावायचं त्याच्या मनात आलं. सगळ्यांच्याच ट्रकमध्ये देव असतो. भेग मात्र दीड हात लांब होती. ते एका देवाचं काम नव्हतं.

सहादेव घरी गेला. घरच्या भिंतीवर नवनाथांची मोठी तसबीर होती, नऊही नाथ ओळीने बसलेले. ती त्याने काखेत मारली.

"देव कुठं चालले?" त्याच्या बायकोने, पुष्पावतीने विचारलं.

"कामाला," सहादेव म्हणाला.

तसबीर लांबीला बरोबर बसली, उंचीला बसेना. सहादेवने चित्राची खालची बाजू कात्रीने कापली. नऊही नाथ कमरेपासून वर उरले. पट्टीची चौकट केली, काच लावली आणि चार स्क्रूंनी भेगेवर आवळली. वरून हळदीकुंकू लावलं. त्या चारांतला एकही स्क्रू ढिला राहिला नाही.

भिमाजी आला. दार उघडलं आणि पायरीवरच थांबला. वहाणा काढून आत चढला.

"मिस्तरी," तो हात जोडून म्हणाला, "मी तुमाला नुस्ता हीटर सांगितला व्हता."

"आसू द्या."

"न्हाई, आसू द्या कसं? आमच्या वडलांची मढीची वारी म्हातारपनी चुकली, तवापास्नं घरात म्हनत व्हतो, नाथांचं काय तरी करावं. तुमी बिनबोलता केलं." त्याने हार आणला, राखेच्या डबीत उदबत्त्या खोचल्या. आक्काबाईंनी तर कहर केला. त्या आखडलेल्या गुडघ्यांनी खाली वाकल्या आणि सहादेवच्या पायांकडे हात नेला. सहादेव उडी मारून मागे सरला तो थेट पाण्याच्या डबड्यात. लोकांना तो विनय वाटला.

झालं. गावात बातमी पसरली: सहादेव मिस्तरीने वाळका डॅशबोर्ड बिनाओरखडा काढला, वर पदरचे नवनाथ बसवले. ओरखडा पडला नाही हे कशावरून, असं कोणी विचारलं नाही. देवांना बाजूला सारून पाहणार कोण? ट्रकवाले मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. टपरीवर त्याच्याकडून चहाचे पैसे घेईनात. राधाकृष्णावरचा तो जुना विनोद लोक आता आपण होऊन सांगायचे, आणि शेवटी सहादेवकडे बघून हसायचे. सहादेवच आता अर्धा चहा ठेवून उठायचा.

आक्काबाईंचं मात्र काही तरी बिनसलं. बाजाराहून येताना त्यांना दोघांनी बखोटीला धरून उतरवावं लागलं. पुढच्या बाजाराला तर हमालांनी पोतं उतरवावं तसं उतरवलं. भिमाजी काळजीत पडला आणि ट्रक पुन्हा गॅरेजला आणला.

"हीटर चालत न्हाई का?" सहादेवने विचारलं.

"चालतो की! माझा जेवनाचा डबा खाली ठेवतो, राजूरपतुर भाकरी मऊ ऱ्हाती."

"मंग आक्का?"

आक्काबाई सीटवर मांडी घालून, पाय घोंगडीखाली दाबून बसल्या होत्या. त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "आरं सहादेवा, म्होरं नऊ देव बसलेत. त्यांच्याकडं पाय करून बसू का मी? बसते आपली मांडी घालून. तू नगो वाईट वाटून घिऊ. हीटर लई ग्वाड केलास."

सहादेवच्या हातातला पाना हातातच राहिला.

"देव जरा वर सरकवू का?" त्याने विचारलं. "टपाला लावतो."

"आलेल्या देवाला ऊठ कोन म्हननार?" भिमाजी म्हणाला. "गुरवाकडनं पूजा झाली. आता ते तितंच."

"तेच म्हंते मी," आक्काबाई म्हणाल्या. "आता उद्याचा बाजार न्हाई माझ्यानं व्हायचा. भिमा, चांगुनाला सांग, म्हातारी बसली. म्हनावं, दिवस भरले तर शेजारनीला हाक मार."

ते त्या अगदी सहज म्हणाल्या. सहादेव पाना पुसायला लागला. पाना स्वच्छ होता.

नेमका त्याच वेळी राधाकृष्ण रस्ता ओलांडून आला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली. वयाने तो सहादेवपेक्षा चांगला मोठा.

"सहादेवभाऊ," तो म्हणाला, "कारखान्याची एक जीप आलीय माझ्याकडं. डॅशबोर्डाच्या कामाची. मागल्या टायमाला काय झालं ते तर तुमाला म्हाईतच हाय. डॅशबोर्ड न तडकता कसा काढायचा, यवढं जरा सांगाल का? तुमी हसला तरी चालंल."

सहादेवने त्याच्याकडे पाहिलं, मग मांडी घातलेल्या आक्काबाईंकडे. मग तो पेचकस घेऊन ट्रकमध्ये चढला.

"मिस्तरी, वहाना!" भिमाजी ओरडला.

सहादेवने वहाणा काढल्या नाहीत. पहिला स्क्रू काढला. दुसरा काढला. भिमाजी "आवं, आवं" म्हणत राहिला. चौकट सुटली, सहादेवने ती छातीशी धरली आणि बाजूला झाला. वाळक्या लुकणाने पांढरी पडलेली भेग राखेच्या डबीपासून डाव्या टोकापर्यंत लखलखीत दिसली.

 उदबत्तीची काडी डबीतून कलंडली.

"माझ्या हातनं फुटला," सहादेव म्हणाला. "देव म्या बसवले न्हाईत, आक्का. त्यांच्या मागं लपलो."

भिमाजीने भेगेवरून बोट फिरवलं, रोज तेलाचं फिरवायचा तसंच. बोटाला लुकणाची पूड लागली. "फुटला आसं म्हनायचं मिस्तरी," तो म्हणाला. "मी काय म्हनलो न्हसतो." मग त्याने बोटाची पूड पुसली. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "म्हनलो असतो. लई म्हनलो असतो. पर येक डाव म्हनून गप बसलो असतो. आता मी गावभर तुमाला देवमानूस म्हनून आलोय, त्ये कसं माघारी घिऊ?"

 सहादेव चौकट छातीशी धरून लहान मुलासारखा उभा होता.

आक्काबाईंनी हात पुढे केला. "आन इकडं." त्यांनी काचेतून नीट पाहिलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "ह्यांचे पाय कुठंयत रं?"

"कापले आक्का. बसंना म्हनून."

"म्हंजे देवाचे पाय कापलेस आन माझे आखडलेस," आक्काबाई म्हणाल्या. चिडून नव्हे, हिशेब लागला म्हणून. चौकट त्यांनी त्याच्या हातात परत दिली, मांडी मोडली, एक गुडघा, मग दुसरा, आणि दोन्ही पाय हीटरपुढे लांब केले. "हीटर लाव आता. कळू तर दे काय केलंयस त्ये."

सहादेवने इंजिन चालू केलं, हीटर सोडला. आक्काबाईंनी डोळे मिटले. पावलं ऊन झाल्यावर म्हणाल्या, "भिमा, चांगुनाला काय सांगू नगं. उद्या मीच येते."

राधाकृष्ण अजून उभा होता. आता हा म्हणणार, सहादेवला वाटलं. एक डॅशबोर्ड द्यायचा, दोन घेऊन यायचं. म्हणेल आणि टपरीवर जाईल. सहादेवने त्यासाठी मान खाली घालून तयारीही ठेवली. राधाकृष्ण भेगेजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "स्क्रू कुठं व्हता?"

"राखंच्या डबीत. राखंखाली."

राधाकृष्णाने टोपी झटकून डोक्यावर घातली. "माझ्या जीपला बी तितंच व्हता," तो म्हणाला, आणि रस्ता ओलांडून गेला.

त्याने ती गोष्ट टपरीवर कधीच सांगितली नाही. सहादेव महिनोन्‌महिने वाट पाहत होता. सांगितली असती तर एकदाचं हसून झालं असतं.

चांगुणाला मुलगी झाली तेव्हा आक्काबाई राजूरलाच होत्या, आणि चुलीपाशी धडधाकट उभ्या होत्या. भिमाजी त्या भेगेलाही आता तेलाचं बोट लावतो. पुष्पावतीने पाय नसलेले देव घराच्या भिंतीवर परत घ्यायला साफ नकार दिला, म्हणून ती लांब चौकट गॅरेजमध्येच टांगलेली असते. येणारं गिऱ्हाईक आधी तिला हात जोडतं आणि मग विचारतं, "मिस्तरी हायत का?"

कुठल्या तरी गाडीखालून दोन पाय तेवढे बाहेर आलेले असतात. हाक ऐकूनही ते बराच वेळ हलत नाहीत.