अप्पांचे ठोके ऐकायचे राहिले

मी एक जुना डॉपलर आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. मी कंपासपेटीएवढा एक डबा. माझ्या वायरीला पेनासारखी जाड दांडी आहे आणि पोटात छोटा स्पीकर. दांडी अंगावर टेकवली की आत वाहणारे रक्त मी मोठ्याने ऐकवतो. धमनी असेल तर ठप् ठप् असा दमदार ठोका, शीर असेल तर उभ्या ज्वारीतून वारा जावा तशी सळसळ. एवढेच मला येते, पण त्याचा मला फार अभिमान होता.

माझे मालक डॉक्टर महांतेश. रक्तवाहिन्यांचे सर्जन. शिक्षण संपवून ते लातूरला आले आणि त्यांनी मला घेतले. दिवसभर दवाखाना, रविवारी संशोधन. देगलूर, कंधारकडच्या गावांत ते शिबिरे घेत. दुकानात उभे राहून ज्यांच्या पायांच्या शिरा फुगल्या आहेत, घोट्याजवळची जखम भरतच नाही, अशी माणसे येत. शिरांचा आजार लोक दाखवायला तरी येत. डॉक्टरांना जास्त काळजी होती ती पोटातल्या मोठ्या धमनीची. सायकलची जुनी ट्यूब एखाद्या जागी झिजून फुगते ना, तशी ती धमनी काही जणांत फुगते. दुखत नाही, खुपत नाही. आणि एके दिवशी फुटते. ती किती फुगली आहे हे सोनोग्राफीत कळते, पण पोटावर हात ठेवून आणि मला टेकवून पहिला संशय घेता येतो. असे किती जण आपल्या भागात आहेत, हे डॉक्टर शोधत होते.

शिबिराला माणसे गोळा करायचे काम त्यांच्या वडिलांचे. मलप्पा अप्पांचे देगलूरजवळच्या गावात किराणा दुकान होते. कपाळाला विभूती लावून ते दारोदार फिरत, म्हाताऱ्यांना हाताला धरून आणत, आणि मला लोकांना दाखवून सांगत, "हे माझ्या पोराचं यंत्र हाय. रगत बोलतंय ह्यात." माझी छाती तेव्हा फुगायची. एकदा डॉक्टर म्हणाले, अप्पा, तुम्हीही आडवे व्हा, बघू. अप्पा हसले. आधी लोकांचं बघ, घरच्या माणसाला काय होतंय, म्हणाले आणि पुढच्या म्हाताऱ्याला घेऊन आले.

घरात आणखी एक वैद्य होती. डॉक्टरांची आई, शांतम्मा. साऱ्या गल्लीची सरकलेली बेंबी ती बसवून द्यायची. बेंबीवर बोट ठेवून ती ठोका बघे. ठोका जागेवर नसला तर एरंडेल लावून पोट चोळे, मग बेंबीवर पेटती पणती ठेवून वर तांब्या पालथा घाली. तांब्या पोटाला घट्ट धरला की बेंबी जागेवर आली असे सगळे समजत. तिने कधी कोणाकडून काही घेतले नाही. तिच्या हाताला गुण आहे असे लोक म्हणत, आणि ती मनापासून करायची हे मी स्वतः पाहिले आहे.

अप्पांच्या पोटात ठोका उडायचा. कंबरही धरायची. बेंबी सरकली असेल, असे दोघेही समजत. पण बेंबीसाठी कोणी दवाखान्यात जाते का? ती तर घरातली गोष्ट, बायकोच्या हातातली. म्हणून डॉक्टर असलेल्या मुलाच्या कानावर ती कधी गेलीच नाही.

एका दुपारी अप्पा दुकानातच कोसळले. शेजाऱ्यांनी त्यांना जीपमध्ये घालून नांदेडकडे नेले, पण ते वाटेतच गेले. डॉक्टर पोहोचले तेव्हा अप्पांना घरी आणून निजवले होते. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि धमनी फुटली हे त्यांना समजले. तरी त्यांनी मला बाहेर काढून अप्पांच्या पायावर टेकवले. मित्रांनो, मी जिवाचे कान केले. मला काहीच ऐकू आले नाही.

शांतम्मा शेजारी बसून म्हणाली, "सकाळीच बसवली होती रे बेंबी. चांगली चोळली. दुखणं उतरलं म्हणाले."

ती धमनी कधीही फुटली असती, हे डॉक्टरांना माहीत होते. पण धमनी फुगलेली असताना पोट चोळायचे नसते, हेही माहीत होते. लिंगायत रीतीप्रमाणे अप्पांना बसवून समाधी दिली. त्यानंतर शिबिरे बंद झाली. संशोधन पुरे करायचे तर लोकांना सांगावे लागणार होते, उडणारे पोट चोळू नका. ते सांगितले असते तर आईलाही कळले असते. एका बाजूला गावची माणसे, दुसऱ्या बाजूला आई. डॉक्टर गप्प राहिले आणि मी कपाटात पडून राहिलो.

वर्षाच्या पुण्यस्मरणाला ते मला बॅगेत घालून गावी आले. पाहुणे गेल्यावर शेजारच्या केवळाबाई आल्या. पोटात ठोका उडतोय, बेंबी बघ, म्हणाल्या. अप्पा गेल्यापासून शांतम्मा हात दुखतात म्हणून सगळ्यांना परत पाठवत होती. केवळाबाई रुसल्या. मग मी पलीकडच्या गल्लीतल्या साखराबाईकडून चोळून घेते, म्हणून उठल्या.

डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडले, आईकडे पाहिले आणि मिटले.

तेव्हा शांतम्माच बोलली. "जाऊ नको, केवळा. ह्यांचं पोट मी चोळलं अन् ते गेले. माझं पोरगं वर्षभर गप बसून राहिलं, मला वाईट वाटंल म्हणून. मला त्याच दिवशी कळलं होतं. त्याचं तोंड बघूनच कळलं."

मग ती मुलाला म्हणाली, "यंत्र काढ."

डॉक्टरांनी मला काढले. पण वर्षभर पोटात राहिलेल्या बॅटऱ्या फुटून माझे आतले सगळे गंजले होते. मी बोललो नाही. डॉक्टरांनी मला बाजूला ठेवले, हाताने केवळाबाईंचे पोट पाहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना लातूरला नेले. धमनी फुगलेलीच होती. ऑपरेशन झाले. केवळाबाई आज घरी आहेत.

शिबिरे पुन्हा सुरू झाली आहेत. आता डॉक्टरांकडे नवा डॉपलर आहे. मी घरातल्या फळीवर असतो. मित्रांनो, यंत्र ठेवून देताना त्याच्या बॅटऱ्या काढा, एवढे मी माझ्यासाठी मागतो. आणि दुसऱ्यांचे आजार शोधताना आपल्या घरच्या माणसालाही एकदा हाताला धरून आडवे करा, तो नको म्हणाला तरी. हे मी अप्पांसाठी मागतो.

शांतम्मा प्रत्येक शिबिराला जाते. दाराशी बसते आणि आत जाणाऱ्या एकेका बाईला थांबवून सांगते, "पोटात ठोका उडत असंल तर चोळू नको, बाई. मी माझ्या माणसाचं चोळलं होतं."