जावयाच्या तीन ओळी

माझी जीभ तिखट आहे हे मला कुणी सांगायला नको. तिसरीत शाळा सुटली, पण याच जिभेवर मी तीस वर्षं शिलाईचा कारखाना चालवला. बारा मशिनी, बारा बायका. प्रत्येकीला एका रंगाचा दोरा ठरवून दिलेला. कॉलरच्या आतल्या बाजूला तिनं आपल्या रंगाचे दोन टाके घालायचे. शर्ट उसवून परत आला की मी कॉलर उलटायची, रंग बघायची आणि त्या बाईला सगळ्यांसमोर उभं करायची. एकीची मशीन बिघडून ती दुसरीच्या मशिनीवर बसली, तर आधी दोरा बदलायचा, मग काम. दोरा बदललाय का हे मी स्वतः जाऊन बघत असे. एकदा माझ्या सख्ख्या बहिणीलाही उभं केलं होतं. ती दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. न बोलेना का.

डोळे अधू झाले तेव्हा एक ठेवून बाकीच्या मशिनी विकल्या आणि त्याच खालच्या हॉलमध्ये मुलानं कंपनी काढली. दवाखान्यांत पेशंटांचे नंबर लावायचा प्रोग्रॅम लिहितात. सात माणसं. मुलगा मालक आणि जावई चौथ्या हिश्श्याचा भागीदार. तो हिस्सा माझ्या मुलीनं अन्नपाणी सोडून नवऱ्याला मिळवून दिला होता आणि तो माझ्या डोळ्यांत सलत होता. मुलीचं बिऱ्हाड वरच्याच दोन खोल्यांत. जावई दिवसभर खाली मान घालून बसायचा, संध्याकाळी तशीच मान घेऊन वर जायचा. मला न बोलणारा माणूस आवडत नाही. भांडला तर निदान कळतं आत काय शिजतंय.

सुरुवातीला सगळ्यांना नवे कॉम्प्युटर आणले तेव्हा एक कमी पडला. मुलगा म्हणाला, अजून एक मागवू. मी म्हटलं, "कशाला? तुझा जुना आहे ना, तो दे जावयाला. घरचाच माणूस आहे." दिला.

तिथं एक तपासणीवाली मुलगी आहे. बाकीच्यांनी लिहिलेल्यातल्या चुका काढणं हे तिचं काम, म्हणून ती मला आवडते. तिनं एक एआय आणून बसवलं. आठवडाभर कुणी काय लिहिलं ते सगळं ते वाचतं आणि शुक्रवारी पाच वाजता बाईच्या आवाजात थट्टेनं सांगतं. सगळे खुर्च्या फिरवून पडद्याकडे बघत बसायचे. पहिल्या दिवशी मीही जिन्यावरून ऐकलं. "आपल्या एका मित्राने एक बटण तीनदा हलवून पुन्हा मूळ जागी ठेवले." सगळे खुदखुदले.

"ही थट्टा?" मी म्हटलं. "बाळाला भरवतंय का ते? याला बोलायला शिकवता येतं का गं?"

"येतं की काकू. तुम्ही बोला, मी टाइप करते."

मग एक अख्खी दुपार मी त्याला शिकवलं. कुणाला काय नावानं हाक मारायची, कुठं थांबायचं, कुठं चिमटा काढायचा. जो सगळ्यांत मागे असेल त्याला काय ऐकवायचं ते तर मी शब्दन् शब्द सांगितलं. पोरीचे हात हसून हसून थांबत होते.

पुढच्या शुक्रवारी त्याला कंठ फुटला. "दाढीवाला. चारशे ओळी. तीनशे नव्वद शेजाऱ्याच्या उचललेल्या, उरलेल्या दहा चुकलेल्या. बाबा रे, दुसऱ्याचा शर्ट घालायचा तर निदान बटणं तरी सरळ लाव." "नवी मुलगी. एकच चूक सहा वेळा दुरुस्त केली. सातव्यांदा चूकच कंटाळून निघून गेली." नव्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, पूस आणि काम शीक.

मग मुलाची पाळी. "चिरंजीव. अडीच हजार ओळी. बाकीच्यांनी जाता जाता यांच्या खुर्चीला हात लावून जावं, थोडं कसब लागलं तर लागलं." मी उठले आणि सगळ्यांसमोर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो फोनमध्ये बघत राहिला. मला वाटलं, लाजला.

आणि शेवटी, "जावईबापू. तीन ओळी, त्यातली एक रिकामी. असू दे, पाहुणे आहेत. चहाला आले होते, कप थंड होईपर्यंत खरडल्या."

हॉल असा हसला की वरून मुलगी धावत आली, काय झालं म्हणून.

सात महिने हे चाललं. चिरंजीव दर शुक्रवारी पुढे, जावईबापू मागे. कधी चार ओळी, कधी दोन. एकदा जावई माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"आई, हे मोजण्यात काहीतरी घोळ आहे. मी यालाही सांगितलंय."

"यंत्र कशाला घोळ करेल, जावईबापू? त्याला काय माझ्या मुलीशी लग्न करायचंय?"

त्यानं मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, "बघतो मी, आज बघतो," आणि फोन कानाला लावून बाहेर गेला. जावई परत जागेवर जाऊन बसला. तेव्हा तरी दोन शब्द जास्त बोलायचे होते त्यानं.

ज्या शुक्रवारी "जावईबापू, एक ओळ" असं आलं, त्या दिवशी मी हसले नाही. खुर्ची सरकवून उभी राहिले.

"एका ओळीला चौथा हिस्सा? उद्याच्या उद्या कागद करा आणि हिस्सा माझ्या मुलाला परत द्या. आयत्या खुर्चीवर बसून खुर्ची झिजवलीत तेवढी पुरे."

मुलगी जिन्यात होती. "आई, पुरे!"

"तू वर जा."

जावयानं मुलाला विचारलं, "तू काही बोलणार आहेस?"

मुलानं माझ्याकडे बघितलं. "आई म्हणते तर..." एवढंच.

जावयानं खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. रुमालानं कीबोर्ड पुसला, रोज निघताना पुसायचा तसा. आठवड्यात कागद झाला आणि वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या. सामान उतरत होतं तेव्हा मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून होते, माणसं मला वळसा घालून जात होती. मुलीकडची शिलाई मशीन मी नेऊ दिली नाही. ती माझी होती.

पुढच्या शुक्रवारी मी पुढची खुर्ची धरली. यंत्र बोलायला लागलं. दाढीवाला झाला, नवी मुलगी झाली. मग, "सगळ्यांत मागे. शून्य ओळी. असू दे, पाहुणे आहेत. चहाला आले होते, या वेळी तर कपसुद्धा उष्टा केला नाही."

मी खदखदून हसले. वाक्य माझंच होतं आणि फक्कड बसलं होतं. हसता हसता लक्षात आलं की हॉलमध्ये मी एकटीच हसतेय. पडद्यावर काय लिहिलंय ते मला पुढच्या खुर्चीतूनही वाचता येत नाही.

"कुणाला म्हणालं गं ते?"

तपासणीवाली पर्स आवरत होती. "साहेबांना, काकू."

"चिरंजीवांना? गेल्या आठवड्यात अडीच हजार होत्या ना?"

"त्या जुन्या कॉम्प्युटरवर साहेबांचं नाव घातलेलं होतं, काकू. त्यावर बसून जे लिहिलं जाईल ते साहेबांच्या नावावर जायचं. तुमच्या जावयांनी सात महिने लिहिलं ते सगळं. त्या तीन ओळी होत्या ना, त्या ते वर घरी बसून स्वतःच्या लॅपटॉपवर लिहायचे, तेवढ्याच त्यांच्या नावावर."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच होतं."

"मग दात काढून हसत का होतात?"

"तुम्ही हसत होतात म्हणून."

सगळे गेल्यावर मी मुलाला समोर बसवलं. "नाव बदलायला किती वेळ लागतो?"

"एक मिनिट."

"मग सात महिने काय हात मोडले होते?"

"बदलणारच होतो. पण तू पहिल्या शुक्रवारी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावरून हात फिरवलास." मग खाली बघत म्हणाला, "आधी कधी फिरवला नव्हतास."

चौतीस वर्षांचा घोडा! मी उठून आत गेले.

दवाखान्यांचं काम तीन आठवड्यांत अडलं. नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याला बाळंतिणींच्या रांगेत नंबर मिळाला. प्रोग्रॅममध्ये कुठं काय आहे ते एका माणसालाच ठाऊक होतं. मी मुलीला फोन लावला.

"ते येतील, आई. त्यांना राग नाही. मला आहे. शुक्रवारी सगळ्यांसमोर तू बोल, चूक कुणाची ते. मग येतील."

"त्या यंत्राकडून वदवते. माझाच आवाज शिकलंय ते."

"यंत्र नाही. तू. ज्या तोंडानं हसलीस त्याच तोंडानं."

"मी आजवर कुणापुढे मान खाली घातलेली नाही."

"माहितीये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

महिनाअखेरीला दवाखान्यांनी काम काढून घेतलं. दाढीवाला गेला, नवी मुलगी गेली. आता हॉलमध्ये चार खुर्च्या भरतात. तरी शुक्रवारचं वाचन मी बंद करू दिलेलं नाही. मुलगा परवा हात जोडून म्हणाला, "आई, आता तरी थांबव हे."

"मी सख्ख्या बहिणीला सोडलं नव्हतं. उभा राहा."

तो उभा राहिला. यंत्रानं माझ्या शब्दांत त्याला सोलायला घेतलं. अर्ध्यावर तो मध्येच बोलला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्या मशिनीवर त्याला कुणी बसवलं, आई? कारखान्यात दोरा बदललाय का ते कोण बघायचं?"

तपासणीवालीनं आवाज बंद केला. ती माझ्याकडे बघत होती. चौघंही बघत होते. कारखान्यात असतं तर कुणाला उभं केलं असतं ते मला ठाऊक होतं आणि माझ्या मुलालाही.

मी खुर्चीत सरळ बसले.

"पुढचं वाच," मी म्हटलं.